प्रमाण दिल्यावाचून पुढे पाठवू नये



हा लेख वाचायला घेण्याआधी एक काम करा. फोन उघडा आणि आज पहाटेपासून तुम्हाला किती जणांनी ‘राम कृष्ण हरी’ पाठवले ते मोजा. कोणी पांडुरंगाच्या चित्रावर लिहिलेले असेल, कोणी फुलांच्या परडीवर, कोणी नुसतेच जोडलेले हात. मोजून झाले की त्यातल्या किती जणांनी ते नाम तोंडाने घेतले असेल याचा अंदाज करा. मी हे एका एकादशीला केले. आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूर्य उगवायच्या आत त्रेचाळीस जणांनी नाम पाठवले होते. त्याच पहाटे देवळात काकड्याला आम्ही नऊ जण होतो.

तुकोबारायांना त्यांच्या सद्गुरूंनी, बाबाजींनी, स्वप्नात जो मंत्र दिला तो हाच. वारकरी एकमेकांना भेटला की हाच मंत्र म्हणतो, खाली वाकतो आणि समोरच्याच्या पायाला हात लावतो. समोरचाही वाकतो. वय, जात, जमीन, पैसा यातले काही त्या वाकण्याच्या आड येत नाही. आता या मंत्राचे स्टिकर झाले आहे. त्यासाठी वाकावे लागत नाही, तोंड उघडावे लागत नाही, आपण कोणाला म्हणतो आहोत हेसुद्धा पाहावे लागत नाही.

मी पिशोरचा. कन्नड तालुका, अंजना नदीचा काठ. मका, कपाशी आणि अद्रकीची शेती, देवळात हरिपाठ, वर्षाकाठी अखंड हरिनाम सप्ताह. तुमच्या गावासारखेच आमचे गाव. आणि वर सांगितलेल्या ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच आहे. म्हणून या लेखात जे कठोर बोलणार आहे ते आधी मला लागू आहे, मग तुम्हाला.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्या संप्रदायात शब्द पुढे देण्याचा एक नियम आहे, त्या नियमाचे नाव ‘प्रमाण’. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा राहतो तेव्हा मनाला येईल ते बोलून मोकळा होत नाही. सिद्धान्त मांडला की त्याला संतांच्या वचनाचे प्रमाण द्यावे लागते. मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यांना ते पाठ असते, ते पुढचा चरण उचलतात, मृदंग वाजतो आणि सगळी सभा ते वचन म्हणते. म्हणजे एकाचा शब्द दहा जणांच्या तोंडून तपासून बाहेर पडतो. सातशे वर्षे हे चालले. गेल्या दहाएक वर्षांत ते आपण अंगठ्याखाली चिरडून टाकले, आणि तेही भक्तीच्या नावाने. दिवसभर आपण शब्द पुढे पाठवतो आणि एकालाही प्रमाण विचारत नाही.

यात माझा वाटा काय, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीच्या सप्ताहात पाचव्या दिवशी दुपारी एका नवख्या मुलाला सेवा दिली होती. बारावीला होता. आवाज गोड, पाठांतर बऱ्यापैकी, हरिपाठात कधी खाडा नाही. मातापित्यांच्या सेवेवर बोलता बोलता त्याने तुकोबांच्या नावाने एक प्रमाण दिले आणि सवयीप्रमाणे टाळकऱ्यांकडे पाहिले. कोणीच पुढचा चरण उचलला नाही. टाळ थांबले. मृदंगवाल्याचा हात वरच राहिला. मुलगा घाबरला, त्याने तोच चरण पुन्हा म्हटला. पुन्हा शांतता. शेवटी वीणेकऱ्यांनी ‘विठ्ठल विठ्ठल’ सुरू करून वेळ सावरली.

दुसऱ्या दिवशी पारायणाच्या मंडपात आमच्यातल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्यांनी त्याला जवळ बसवले. यांना गाथा जवळजवळ तोंडपाठ. त्यांनी रागावून नाही, कौतुकानेच विचारले, “माउली, कालचं प्रमाण कुठल्या प्रकरणातलं म्हणायचं?” मुलाने फोन पुढे केला. म्हाताऱ्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि म्हणाले, “बाळा, यात ‘सकारात्मक’ असा शब्द आहे. तुकोबांना हा शब्द कुठे भेटला असेल?”

आजूबाजूचे हसले. मी हसलो नाही. कारण तो मजकूर त्या मुलाला मी पाठवलेला होता. पहाटे सहाला, ग्रुपवर, इतर सतरा गोष्टींबरोबर. खाली ‘तुका म्हणे’ आहे एवढे पाहिले आणि पुढे ढकलले. शेवटपर्यंत वाचलेसुद्धा नव्हते. मुलाने मात्र वाचले, पाठ केले, माझ्यावर विश्वास ठेवून चारशे माणसांसमोर म्हटले. पुढच्या सप्ताहात त्याने सेवा घेतली नाही. मागायलाही आला नाही.

माउली, तुम्ही म्हणाल, एका शब्दाचे एवढे काय? अर्थ तर चांगलाच होता, आईबापाची सेवा करा म्हणून सांगितले होते. हाच युक्तिवाद मी मनाशी वर्षभर केला. मग एकदा नाथषष्ठीला पैठणला गेलो आणि तो युक्तिवाद गोदावरीत सोडून आलो.

शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. नऊ हजारांच्या आसपास ओव्या. छापखाना नव्हता. ज्याला ग्रंथ हवा त्याने बोरू घेऊन बसायचे आणि उतरून काढायचा. उतरताना कोणाचा अक्षर वाचण्यात घोटाळा झाला, कोणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्याने नवा घातला, कोणाला माउलींपेक्षा आपल्याला चांगले सुचले असे वाटले आणि त्याने पदरची ओवी जोडली. हे सगळे भक्तच होते. ज्ञानेश्वरीवर प्रेम नसते तर नऊ हजार ओव्या कोण लिहीत बसले असते? पण त्या प्रेमानेच पाठ बिघडत गेला. मग आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणचे नाथमहाराज, देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य, बसले. अनेक प्रती गोळा केल्या, एकीशी दुसरी ताडून पाहिली आणि शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. तो भाद्रपद वद्य षष्ठीचा दिवस आपण आजही ज्ञानेश्वरी जयंती म्हणून पाळतो. आणि शेवटी नाथांनी बजावले की यापुढे कोणी यात आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात रिकामी करवंटी ठेवल्यासारखे होईल.

नाथांची लेखणी काय कमी होती? भागवत त्यांचे, भावार्थरामायण त्यांचे, भारुडे त्यांची. माउलींच्या ग्रंथात एक ओवी घालण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो नाथांना होता. त्यांनी एकही घातली नाही. आणि आपण? आपण ‘सुप्रभात’च्या चित्रावर कोणाचाही मजकूर, कोणत्याही संताच्या नावाने, डोळे चोळत चोळत शंभर जणांना वाढतो. त्या ताटात आता करवंट्याच जास्त झाल्या आहेत.

तुकोबारायांच्या वाट्याला हे त्यांच्या हयातीतच आले होते. सालोमालो म्हणून कोणी होता, तो तुकोबांचे अभंग घेई आणि आपल्या नावाने म्हणे. त्याची तक्रार गाथेतच आहे. त्या काळी चोर संताचे नाव काढून आपले घालीत असे. आता उलटे झाले. कोणी आपले बोल रचतो आणि खाली तुकोबांचे नाव घालतो, कारण त्याशिवाय ते कोणी पुढे पाठवणार नाही. सालोमालोला निदान अभंग पाठ करावा लागत होता.

गाथा वाचवण्यासाठी किती जणांनी देह झिजवले ते आठवा. संताजी जगनाड्यांनी अभंग लिहून ठेवले. वारकऱ्यांच्या घराघरांतून वह्या जपल्या गेल्या. इंग्रजांच्या काळात मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये खर्चून, शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली, जुन्या वह्या मिळवून ती गाथा छापवली. तिचे काम १८७३ पर्यंत चालले. १९१७ मध्ये जोगमहाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, ती कशासाठी? मुलांनी चार वर्षे बसून पाठ करावे, अर्थ समजून घ्यावा आणि मगच गादीवर उभे राहावे यासाठी. एवढ्या माणसांनी जी वस्तू एका ओंजळीतून दुसऱ्या ओंजळीत न सांडता दिली, ती आपण आज चालत्या मोटारसायकलवरून फेकतो.

आता एक पूर्वपक्ष मांडतो, कारण तो खोटा नाही. कोणी म्हणेल, “पाठांतर तर पोथीच्या काळातही बिघडलेच ना? मग फोनला दोष का?” बरोबर आहे. माणूस चुकणारच. पण उतरून घेणाऱ्याला एकेक ओवी डोळ्यांखालून आणि हाताखालून घालावी लागत होती. चूक करायलासुद्धा त्याला बसावे लागत होते. त्यातून बिघडलेला पाठ शुद्ध करायची वेळ दोनशे चौऱ्याण्णव वर्षांनी आली. आज बिघडलेला पाठ पिशोरातून निघतो, नाचनवेलला जातो, वाळूजला कंपनीत असलेल्या पोरांकडे जातो, तिथून पुण्याला जातो आणि आपण न्याहारी करायच्या आत फिरून आपल्याकडेच येतो, नवा म्हणून. मधल्या एकाही माणसाच्या तोंडातून तो गेलेला नसतो.

इथपर्यंत ग्रंथाचे झाले. पण ही सवय ग्रंथापाशी थांबत नाही, म्हणून तर हा लेख. जो अंगठा अभंग न वाचता पुढे पाठवायला शिकला, तो दुसरेही सगळे न वाचता पाठवतो.

१ जुलै २०१८. आपल्या कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, तिथून धुळे, पुढे साक्री तालुका. त्या तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. त्या दिवशी तिथे आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणारे पाच जण बाजारात आले. मुले पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज आणि व्हिडिओ त्या भागात आधीच फोनोफोनी फिरत होते. लोकांनी त्या पाचांना पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले.

माउली, हे वाक्य पुन्हा वाचा. मंगळवेढा म्हणजे चोखोबारायांनी जिथे देह ठेवला ते, कान्होपात्रेचे, दामाजीपंतांचे. नाथपंथ म्हणजे ज्या परंपरेतून गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांनी माउलींना बोध दिला ती. दारी आलेल्या वासुदेवाला, गोंधळ्याला, जोश्याला नाथमहाराजांनी भारुडात बोलते केले, आणि त्यांच्या तोंडून आपल्याला ब्रह्मज्ञान ऐकवले. त्याच भिक्षेकऱ्यांना आपल्यासारख्याच शेतकरी माणसांनी मारले. त्या महिन्यात २३ तारखेला आषाढी एकादशी होती.

त्या मारणाऱ्या हातांचा विचार सगळे करतात. मी पाठवणाऱ्या अंगठ्यांचा करतो. तो मजकूर पुढे पाठवणारे शेकडो, हजारो असतील. त्यातला प्रत्येक जण म्हणेल, “मी काय केले? काळजीपोटी सगळ्यांना सावध केले.” माझ्याच शब्दांत म्हणेल, “अर्थ तर चांगलाच होता.” त्याच जुलैत कंपनीने आपल्या देशात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या मजकुरावर तसा शिक्का मारायला सुरुवात केली. चांगले केले. पण विचार करा, आपल्याला ‘हे तुझे बोलणे नव्हे, कोणाचे तरी पुढे ढकललेले आहे’ हे सांगायला परदेशातल्या कंपनीची गरज पडावी? ज्यांच्याकडे प्रमाणाचा नियम सातशे वर्षे होता त्यांना?

कोणी म्हणेल, आमच्या ग्रुपवर असले काही येत नाही. येते. आमच्या ग्रुपवर आले. कधी एखाद्या समाजाबद्दल, कधी एखाद्या पुढाऱ्याबद्दल, कधी शेजारच्या गावाबद्दल. पाठवणारा माळकरी. खाली लिहितो, ‘राम कृष्ण हरी, जास्तीत जास्त शेअर करा’. त्यावरून दोन टाळकऱ्यांची जुंपली. तोंडावर जे कधीच बोलले नसते ते दोघांनी रात्री अकरा वाजता टाइप केले. आज ते हरिपाठाला एका ओळीत उभे राहत नाहीत. पंचवीस वर्षे एकाच पावलीवर नाचलेली माणसे ही. समोरासमोर असते तर एकाने दुसऱ्याच्या पायाला हात लावला असता आणि विषय तिथेच संपला असता. फोनातल्या माणसाला पाय नसतात.

आता भाषेचे बोलतो. आपल्याकडे ‘का’ म्हणून कोणी विचारत नाही, ‘कामून’ म्हणतो. ‘कामून आला नाहीस रे?’ या प्रश्नात राग असतो, माया असते, वाट पाहिलेली असते. फोनवर लिहिताना तोच माणूस इंग्रजी अक्षरांत तीन शब्द लिहितो, नाहीतर फोनच जो शब्द सुचवतो तो दाबतो. तांड्यावरचा, गावातला, शहरात गेलेला, सगळे एकाच साच्यातले बोलू लागले आहेत. वाढदिवस असो, निवडणूक असो, दहावा असो, वाक्य ठरलेले. चित्रही ठरलेले.

आमच्या मंडळातले एक जुने पखवाजवादक वारले. सकाळी ग्रुपवर बातमी आली. मी तेव्हा शेतात होतो, अद्रकीला पाणी चालू होते. मी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ दाबले, खाली जोडलेले हात लावले आणि बारे द्यायला लागलो. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर शंभराच्या वर श्रद्धांजल्या आल्या. मातीला किती जण होते ते मी सांगत नाही. मी नव्हतो एवढे सांगतो. सावडायलाही गेलो नाही. का? कारण मनात कुठेतरी नोंद झाली होती की आपले कर्तव्य झाले. दहाव्याला गेलो तेव्हा त्यांच्या घरची मावशी म्हणाली, “पोरगा सांगे, फोनात समद्यांनी हात जोडले. मला कामून दिसले नाहीत?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

पूर्वी कोणाच्या घरी मरण झाले की आपण जात होतो आणि पुष्कळदा काहीच बोलत नव्हतो. ओट्यावर बसायचे. ‘कसं झालं?’ विचारायचे. ते सांगायचे, तेच दुसऱ्या आलेल्याला पुन्हा सांगायचे, आणि सांगून सांगून त्यांचे दुःख थोडे हलके व्हायचे. उठताना ‘येतो’ म्हणायचे. ही सगळी भाषाच आहे, माउली. गप्प बसणे हीसुद्धा भाषा आहे. फोनला ती येत नाही. फोनवर गप्प बसलेला माणूस आणि गैरहजर माणूस यांत फरक राहत नाही, म्हणून तिथे सगळ्यांना सतत काहीतरी पाठवत राहावे लागते.

मला यंत्राचा वैरी समजू नका. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, नेट स्वस्त झाले, आणि आमच्यासारख्यांच्या हातात बाजारभाव, हवामान, दवाखान्याचा नंबर आला. अद्रकीचा भाव आता व्यापारी सांगेल तोच खरा असे राहिले नाही. २०२० च्या आषाढीला पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या, आपल्यातला एकही जण वाटेवर नव्हता. त्या दिवशी फोनवरच विठुरायाचे दर्शन घेऊन मी रडलो आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना नातू कीर्तन लावून देतो, ते पुण्यच आहे. ते ऐकणे आहे. माझे भांडण न ऐकता, न वाचता, न म्हणता पुढे ढकलण्याशी आहे. नांगर वाईट नसतो, पण नांगर हातात आहे म्हणून कोणी शेजाऱ्याचा बांध फोडत नाही.

मग करायचे काय? फोन विहिरीत टाका असे मी सांगणार नाही. मीही टाकलेला नाही. आपण माळ घालताना नियम घेतो, एकादशीचा नियम घेतो. तसाच हाही घ्यावा. मी स्वतःला लावून घेतलेले नियम सांगतो, पटले तर तुमच्या मंडळात बोला.

पहिला. संताचे नाव खाली असेल तर ग्रंथ उघडल्याशिवाय पुढे पाठवायचे नाही. गाथेच्या वेगवेगळ्या प्रतींत क्रमांक वेगळे आहेत, म्हणून प्रत कोणती आणि अभंग कितवा हे दोन्ही लिहायचे. सापडला नाही तर पाठवायचा नाही, आणि ज्याने पाठवला त्याला एकट्याला फोन करून सांगायचे. चारचौघांत त्याची फजिती करायची नाही. त्या मुलाची झाली ती पुरे.

दुसरा. जे पाठवायचे ते आधी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचायचे. देवळात, वीणेपुढे उभे राहून म्हणता येईल का, असे स्वतःला विचारायचे. जीभ अडखळली तर अंगठाही थांबवायचा. या एका नियमाने माझे दिवसाचे पन्नास मेसेज दोनावर आले.

तिसरा. कोणत्याही माणसाबद्दल किंवा समाजाबद्दल भीती वाटेल, चीड येईल असे काही आले तर ते माझ्यापाशी संपले पाहिजे. खरेच धोका आहे असे वाटले तर पोलीस पाटलांना सांगायचे, पिशोरात पोलीस ठाणे आहे तिथे सांगायचे. शंभर घाबरलेल्या माणसांना सांगून काय साधते ते राईनपाड्याने दाखवले आहे.

चौथा. ग्रुप निरोपासाठी. कीर्तन कोणाचे, पंगत कोणाची, दिंडी कधी निघणार, कोण वारले, मातीची वेळ काय. निरोप वाचला की फोन खिशात आणि पाय वाटेवर. जाता आले नाही तर आपल्या आवाजात बोलायचे, आणि जमेल त्या दिवशी जायचे. जोडलेल्या हातांचे चित्र पाठवून सुटायचे नाही.

पाचवा. ‘राम कृष्ण हरी’ पाठवायचे नाही. म्हणायचे.

हे नियम मी ग्रुपवर मांडले तेव्हा काय झाले तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळे सोपे आहे. अकरा जण ग्रुप सोडून गेले. एकाने विचारले, आता देवाचे नाव घ्यायलाही अ‍ॅडमिनची परवानगी लागणार का? प्रश्न रागाचा होता, पण टाकाऊ नव्हता. मी त्याच्या घरी गेलो. चहा झाला. मी म्हणालो, “नाव घ्यायला कोणाचीच परवानगी नको. माझं म्हणणं, घ्या.” तो हसला. अजून ग्रुपवर परत आलेला नाही, पण काकड्याला दोनदा आला.

आणि तो मुलगा. त्याच्याकडे जायला मला दोन वर्षे लागली. लाज वाटत होती. शेवटी गाथा काखेत घेऊन गेलो. त्याच्या आईसमोर सांगितले की त्या दिवशीची चूक तुझी नव्हती, माझी होती. न वाचता मी पाठवले. तो काही बोलला नाही. गाथा मात्र ठेवून घेतली. आता गुरुवारी संध्याकाळी तो, मी आणि ते म्हातारे टाळकरी देवळात बसतो. एक अभंग घ्यायचा, तीनदा मोठ्याने म्हणायचा, अर्थ लावायचा, पाठ करायचा. आठवड्याला एक. या वेगाने साडेचार हजारांच्या वर अभंग संपायला एक जन्म पुरणार नाही हे आम्हाला कळते.

मागच्या गुरुवारी मी बोलण्याच्या ओघात एक वचन म्हटले आणि ते नामदेवरायांचे म्हणून सांगितले. मुलाने मान वर केली आणि विचारले, “प्रमाण?” मला देता आले नाही. म्हातारे इतके खुश झाले की त्यांनी टाळ वाजवला.

वाचक माउली, या लेखातलेही काही तुम्हाला पटले आणि कोणाला सांगावेसे वाटले, तर याचा फोटो काढून पाठवू नका. त्याच्या घरी जा, आणि तुमच्या शब्दांत सांगा. जिथे मी चुकलो असेन तिथे तो तुम्हाला अडवील.

राम कृष्ण हरी.